इराणची दैनंदिनी : यज्द ते इस्फहान

सोमवार, यज्द
वाळवंटाच्या कडेला वसलेल्या या शहरात दुपार घरात काढून, उन्हे कलल्यावर दौलताबाद बागेत गेलो. तेथील अष्टकोनी बादगीर ३३ मीटर उंच असून, वरच्या झरोक्यांतून पकडलेला वारा तो खालच्या हौदावर आणून सोडतो. अंधेरीत समुद्र इतका जवळ असूनही आमच्या बिऱ्हाडात वाऱ्याचा मागमूस नसतो, याचे खापर यापुढे हवामानावर फोडता येणार नाही.

मंगळवार, यज्द
अंधेरीच्या पारशी वसाहतीतील अग्यारीवरून आयुष्यभर ये-जा केली, पण परधर्मीयास आत मज्जाव असल्यामुळे तेथील पवित्र अग्नीचे दर्शन कधी घडले नव्हते. येथील आतशकद्यात मात्र काचेपलीकडची ती ज्वाला कोणाही वाटसरूस पाहण्याची मुभा आहे. हा अग्नी इ. स. ४७० पासून अखंड तेवत असल्याची श्रद्धा आहे. इमारत १९३४ ची, आणि तिला मुंबईच्या पारशांचा पैसा लागलेला. मागे राहिलेल्या धर्मबंधूंची अशी वास्तपुस्त घेण्याचे काम माणेकजी लिमजी हातारिया यांनी नेटाने आरंभिले. मुंबईच्या पारशी मंडळींचे वकील म्हणून ते १८५४ साली इराणात आले, तेव्हा जरथुष्ट्री रयत जिझियाखाली आणि नाना अपमानास्पद निर्बंधांखाली पिचत होती. शाळा काढाव्या, पडक्या वास्तू दुरुस्त कराव्या, दरबारी अर्जामागून अर्ज गुदरावे, असा त्यांचा उद्योग वर्षानुवर्षे चालला आणि १८८२ साली नासिरुद्दीन शहाच्या फर्मानाने जिझिया माफ झाला. औरंगजेबाचा जिझिया आम्ही शाळेत घोकला. हा दुसरा जिझिया उठविणारे गृहस्थ मला कोणत्याही पाठ्यपुस्तकात भेटले नाहीत.

बाहेर चहा घेतला, कोरा, साखरेचा खडा दातांत धरून पिण्याचा. मुंबईच्या इराण्यांपैकी कित्येकांचा मूळ मुलूख हाच. पण बनमस्का मागताच दुकानदार माझ्याकडे पाहतच राहिला.

गुरुवार, इस्फहान
नक्श-ए-जहान चौकाविषयी इतरांनी उदंड लिहिले आहे. मी अधिक वेळ रेंगाळलो तो चेहेलसुतून महालात, नादिरशहाच्या कर्नालच्या लढाईच्या भव्य चित्रासमोर. १७३९ चा तो विजय वाटाड्याने मोठ्या अभिमानाने वर्णिला. त्याच्या दोनच वर्षे आधी आमचा बाजीराव दिल्लीच्या वेशीपर्यंत धडकून आला होता, हे मी न राहवून सांगितले. त्याने अदबीने ऐकून घेतले आणि पुढचे दालन दाखवावयास निघाला.

शिराझची मोटार पहाटेची आहे. सामान बांधून ठेवले आहे.

(क्रमशः)