‘शोभलं नाही’ : ओसरीवरची समीक्षा

दूरचित्रवाणीवरील दैनंदिन मालिकांविषयी मराठी समीक्षेने जे थोडेफार लिहिले आहे, त्यात प्रेक्षक हे बहुधा एक गृहीतक असते. ही प्रेक्षक स्त्री असते, ती भुलते, पात्रांना खरी माणसे समजते आणि मालिका तिला जे शिकवते ते निमूटपणे शिकते, असे मानूनच विवेचन पुढे सरकते. या गृहीतकाशी माझे जुने भांडण आहे. माझे बालपण आणि पुढच्या बहुतेक सुट्ट्या बुलडाणा जिल्ह्यातील चिखलीजवळच्या एका गावात गेल्या. मालिकांतील पात्रांविषयीची मी ऐकलेली सर्वांत कसून चर्चा तेथल्या ओसरीवर, उन्हाळ्यात कुरड्या घालताना झालेली आहे. ती चर्चा ज्या संज्ञांनी चालते त्यांची दखल आपल्या शास्त्राने घेतली पाहिजे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस ‘दामिनी’ पाहायला आमच्या आळीतील बायका जमत, तेव्हा मी शाळेत होते. पुढे भारनियमनाची वर्षे आली. सायंकाळची वीज गेली की त्या दिवसाचा भाग बुडे, आणि ज्या घरी तो पाहिला गेला असेल त्या घरची बाई दुसऱ्या दिवशी तो ‘सांगे’. हे सांगणे म्हणजे नुसते कथानिवेदन नव्हते. अर्ध्या तासाचा भाग ती पाच मिनिटांत उरकी, पण एखाद्या प्रसंगावर पंधरा मिनिटे रेंगाळे. पात्र जे बोलले ते सांगून झाल्यावर त्याने काय बोलायला हवे होते तेही सांगे. कीर्तनातल्या निरूपणाची सवय असलेल्या कानांना यात काही वावगे वाटत नसे. वोल्फगांग इझर संहितेतील रिक्त जागांविषयी बोलतो आणि क्रमशः प्रसिद्ध होणाऱ्या कादंबरीत दोन हप्त्यांमधील खंडालाच वाचक कसा कामाला लावतो हे दाखवतो. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ १८९० पासून ‘करमणूक’मधून आठवड्याच्या अंतराने वाचणाऱ्यांनी यमूविषयी काय काय वाद घातले असतील, याची नोंद आपल्याकडे फारशी नाही. ओसरीवर मात्र तो खंड दररोज भरून निघताना मी पाहिला आहे.

या चर्चेतील मध्यवर्ती क्रियापद ‘शोभणे’ हे आहे. जोडी शोभते किंवा शोभत नाही. नटी भूमिकेला शोभते. आणि पात्राने केलेली कृती त्या पात्राला शोभते. जोडी, अभिनय आणि शील या तिन्हींना एकच निकष लावणे हे गोंधळाचे लक्षण वाटू शकेल. परंतु अकराव्या शतकात क्षेमेंद्राने ‘औचित्यविचारचर्चा’ लिहिली तेव्हा त्यानेही पदापासून स्वभावापर्यंत काव्याच्या सर्व अंगांना औचित्याचा एकच निकष लावला होता. ज्याला जे सदृश ते उचित, हा त्याचा विचार आणि ‘तिले हे शोभलं नाही’ हे वाक्य यांच्यात अंतर आहे ते परिभाषेचे.

अभिनयाचे उदाहरण घेऊ. ‘माझ्या नवऱ्याची बायको’ (२०१६–२०२१) या मालिकेतील शनायाची भूमिका रसिका सुनील हिने २०१८ मध्ये सोडली आणि ईशा केसकर शनाया झाली; २०२० मध्ये पहिली शनाया परतली. पात्राला खरे माणूस समजणारा प्रेक्षक या बदलाने हतबुद्ध व्हायला हवा होता. ओसरीवर तसे काही झाले नाही. आधीची शनाया मूर्खपणा करताना स्वतःला हुशार समजायची, नवीला आपण मूर्खपणा करतो आहोत हे ठाऊक असल्यासारखे दिसते, असा भेद माझ्या एका मावशीने केला होता. भूमिका आणि नट यांच्यातील फट इतक्या नेमकेपणाने दाखवणारी टिप्पणी मला नाट्यसमीक्षेतही क्वचितच भेटली आहे.

राधिकेच्या बोलीचा वाद याहून तिखट होता. राधिका नागपूरची, तिच्या तोंडी वऱ्हाडी-नागपुरी वळणाची भाषा. ती भूमिका करणाऱ्या अनिता दाते मूळच्या नाशिकच्या. अजिंठ्याच्या डोंगररांगेने आमचा जिल्हा दोन भागांत विभागलेला आहे : घाटावर बुलडाणा, चिखली, मेहकर, आणि घाटाखाली मलकापूर, खामगाव, शेगाव. दोन्हीकडच्या बोलण्यात फरक आहे, आणि नागपूर तर दोघांनाही दूरचे. त्यामुळे राधिकेचे ‘मले’, ‘तुले’, ‘काऊन’ आमच्याकडे एकाच वेळी आपले आणि परके वाटे. खामगावला दिलेल्या आत्याचे मत असे की, बोली बरोबर आहे पण ती फक्त हसू आणण्याच्या जागी बरोबर आहे. रडायच्या वेळी राधिका पुण्याची होते. आत्याचा हा शेरा शब्दशः खरा आहे की नाही हे तपासायला मालिकेचे शेकडो भाग पुन्हा पाहावे लागतील. पण बोलीला विनोदासाठी राखून ठेवण्याची मराठी रंगभूमीची व चित्रपटाची जुनी खोड तिने बरोबर हेरली होती. प्रमाणभाषेचे राजकारण हा विषय मी वर्गात शिकवते. आत्या त्या राजकारणाच्या एका टोकाला बसून टीव्ही पाहत होती.

जोडीच्या प्रश्नावर मतभेद अधिक गुंतागुंतीचे होतात. ‘तुला पाहते रे’ (२०१८–२०१९) मध्ये सुबोध भावे यांचा विक्रांत आणि गायत्री दातार हिची ईशा यांच्या वयांतील वीस वर्षांचे अंतर हा कथेचा विषयच होता. शहरी वृत्तपत्रांतून या अंतराची चर्चा धाडसाच्या किंवा विकृतीच्या भाषेत होत असे. ओसरीवरील सर्वांत वृद्ध स्त्रीने मात्र आपल्या वेळी बिजवराला दिलेल्या मुलींची नावेच मोजायला सुरुवात केली. तिच्या दृष्टीने त्या अंतरात नवल काही नव्हते. नवल हे होते की ईशेला कोणी विचारले. पुढे विक्रांत कपटी निघाला आणि ईशा ही त्याच्या मृत पत्नीचा, राजनंदिनीचा, पुनर्जन्म ठरली, तेव्हा चर्चेचे लक्ष्य पात्रांवरून लेखकावर गेले. आधी ही जोडी शोभते असे आम्हांला पटवून द्यायला लावले, मग ती मोडायची होती म्हणून मागचा जन्म काढला : हा आक्षेप रचनेवरचा आहे, आणि तो मला मान्य आहे.

येथे ‘शोभणे’ या शब्दाची दुसरी बाजू नजरेआड करता येत नाही. ‘बाईमाणसाला शोभत नाही’ हे वाक्य याच शब्दाने बनते. बुलडाण्यात राहणाऱ्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुष तुलना’ प्रसिद्ध केली ती या वाक्याविरुद्धच. निमित्त सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेवरील भ्रूणहत्येच्या खटल्याचे होते; परंतु ताराबाई पुराणकथांशीही वाद घालतात. सावित्री नवऱ्यासाठी यमाच्या दारी गेली. बायकोसाठी इतकी मजल मारणारा एखादा नवरा कोणी ऐकला आहे का, असा त्यांचा प्रश्न आहे. ताराबाई सावित्रीला खरी समजून फसल्या होत्या, असे कोणी म्हणणार नाही. त्या कथेला, आणि कथा सांगणाऱ्यांना, जाब विचारत होत्या. स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये हे पुस्तक पुन्हा प्रकाशात आणल्यावर आपण त्याला स्त्रीवादी विचाराच्या इतिहासात जागा दिली, समीक्षेच्या इतिहासात मात्र अजून दिलेली नाही.

‘आई कुठे काय करते!’ (२०१९–२०२४) मधील अरुंधतीने आशुतोषशी लग्न करावे की नाही, यावर ओसरीवर जो वाद झाला त्यात ताराबाईंचा हा वारसा मला दिसला, आणि त्याची गुंतागुंतही. घटस्फोटानंतर, मुले मोठी झाल्यावर केलेले लग्न मालिकेने क्रांतिकारक कृती म्हणून मांडले. पण ज्यांच्या आज्यांचे पाट लागले होते त्या घरांतील बायकांना त्यात क्रांती दिसेना. त्यांना प्रश्न पडला तो नव्या घरात अरुंधतीचे स्थान काय, हा. ज्या घरांनी प्रतिष्ठेपायी पाटाची चाल सोडून दिली होती, तेथील बायका हिरिरीने विरोध करीत, किंवा त्याहून हिरिरीने पाठिंबा देत. (ताराबाई अशाच प्रतिष्ठित मराठा घरातल्या, हे विसरता कामा नये.) एकाच ओसरीवर एका पात्राची दोन वाचने होत होती आणि दोन्हींमागे जातीचा इतिहास उभा होता. मालिकेच्या संहितेत जातीचा मागमूस नव्हता. तो प्रेक्षकांनी आणला.

इएन आंग या अभ्यासिकेने ‘डॅलस’ या अमेरिकी मालिकेविषयी नेदरलँड्समधील एका स्त्रियांच्या नियतकालिकात जाहिरात देऊन प्रेक्षकांची मते मागवली होती. आलेल्या ४२ पत्रांच्या आधारे तिने असे दाखवले की, तेलसम्राटांचे ते घर कोणालाच खरे वाटत नव्हते, खरी वाटत होती ती भावना. याला ती भावनिक वास्तव म्हणते. तिचे पुस्तक १९८५ मध्ये इंग्रजीत आले. ते उपयुक्त आहे, पण पत्र लिहिणारी व्यक्ती एकटी असते. ओसरीवरचे मत शेजारणीने खोडले की बदलते, जावेने दुजोरा दिला की चढते, आणि सासू आली की काही काळ थांबते. माझ्या माहितीतील कोणतीही वाचक-प्रतिसाद सिद्धान्ताची मांडणी या थांबण्याला पुरेशी नाही.

माझ्या पदव्युत्तर वर्गात अशाच घरांतून येणाऱ्या मुली बसतात. अनेकजणी घरातल्या पहिल्या पदवीधर. मधल्या सुट्टीत त्या आशुतोषवर ज्या तर्कशुद्धतेने भांडतात ती उत्तरपत्रिकेत कोठे जाते हे मला कळत नाही. तेथे ‘मालिका हा समाजाचा आरसा आहे’ हे एकच वाक्य असते. ‘शोभणे’ हा शब्द त्यांनी कधी लिहिलेला नाही. ‘औचित्य’ लिहितात, आणि त्याचा आपल्या आईच्या बोलण्याशी संबंध असेल अशी शंकाही त्यांना येत नाही. दोन वर्षांपूर्वीपासून मी प्रबंधिकेसाठी त्यांना आपापल्या घरची चर्चा लिहून आणायला सांगते. सुरुवातीला त्या ती प्रमाणभाषेत ‘शुद्ध’ करून आणीत, आणि शुद्ध करताना नेमका वाद गळून जाई. आता काही जणी बोली जशीच्या तशी लिहितात.

अशाच एका वहीत आशुतोषच्या मृत्यूवरची नोंद आहे. तो २०२४ मध्ये कथेत अपघाताने गेला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस मालिकाही संपली. त्या मुलीची आई म्हणते की, लेखकाला सुखी बाई लिहिता येत नाही म्हणून त्याने चांगला माणूस मारला. तिच्या काकूला हे मान्य नाही. अरुंधतीला कोणाच्याच आधाराशिवाय उभी करायची होती, तर त्याला जावेच लागले असते. आईचे उत्तर वहीत असे आहे : “मंग धाडायचं होतं कुठं तरी नोकरीले. मारायले काऊन पायजे?” काकूने त्यावर काय म्हटले ते लिहिलेले नाही, कुरड्यांचा चीक शिजला होता, असे कंसात नोंदवले आहे.