शाफ्ट

पूलची क्यू म्हणजे एक अखंड काठी, असं बऱ्याच जणांना वाटतं. पार्लरमध्ये भिंतीला लावलेल्या क्यू बहुतेक तशाच असतात म्हणा. पण स्वतःची क्यू घेऊन येणारे लोक पिशवीतून दोन तुकडे काढतात आणि फिरवून जोडतात. मागचा जाड, नक्षीबिक्षी असलेला तो बट. पुढचा साधा, निमुळता, मेपलच्या लाकडाचा तो शाफ्ट. बघणारे कौतुक बटाचं करतात, बॉलला लागतो मात्र शाफ्ट.

माझ्याकडची क्यू मामाची. पूल मला त्यानेच शिकवला. चार वर्षांपूर्वी त्याला पक्षाघाताचा हलका झटका आला. चालणं-बोलणं सुधारलं, उजव्या हाताची थरथर राहिली. क्यू कपाटामागे भिंतीला टेकून दोन पावसाळे तशीच उभी होती, मग एक दिवस त्याने ती माझ्या हातात दिली. पुण्याचा पाऊस काही कोकणातला नव्हे, पण लाकडाला पुरतो. शाफ्ट वाकला होता. टेबलावर लोळवला की मधोमध उजेडाची फट दिसायची, मिटायची, पुन्हा दिसायची.

वाकलेला शाफ्ट सरळ करायचे उपाय लोक हौसेने सांगतात. वाफ द्या, उन्हात ठेवा, वजन बांधून टांगा. चार दिवस सरळ राहतो, हवा दमट झाली की पहिले पाढे पंचावन्न! तेव्हा नवा घ्यायचा ठरलं.

आता बटातून जी पिन बाहेर येते, तिच्यात सगळी गोम आहे. ५/१६ इंच जाडीच्या पिना दोन प्रकारच्या मिळतात. एकीला इंचात १४ आटे, दुसरीला १८. नुसत्या नजरेला दोन्ही सारख्याच. मी पट्टी लावून अर्ध्या इंचातले आटे मोजले, नऊ भरले. म्हणजे अठराची. चुकीचा शाफ्ट लावला तर तो थोडासा फिरतो आणि अडतो. तिथे जोर केला की शाफ्टमधला पितळी बुश गेलाच. बरोबर असेल तर दोन बोटांनी शेवटपर्यंत जातो.

नवा शाफ्ट तसा गेला. जोडावर नख फिरवलं तर किंचित अडलं, म्हणजे नव्याची कडा केसभर जाड. ओळखीचा लेथवाला म्हणाला, आणा, घासून देतो. नको म्हटलं. ते नखाला कळतं, खेळात कळत नाही. दोन्ही तोंडं एकमेकांवर चपखल बसली पाहिजेत, ते मात्र दिव्यासमोर धरून नीट पाहिलं. फट नव्हती.

पण खरा प्रश्न दुकानातच पडला होता. बॉलला मधोमध न मारता साइड लावून मारलं, तर पांढरा बॉल क्यूच्या रोखाने सरळ जात नाही. उजवीकडे साइड लावली तर तो किंचित डावीकडे सरकतो. किती सरकेल हे मुख्यतः शाफ्टच्या टोकाकडच्या भागाच्या वजनावर असतं. म्हणून टोक आतून पोकळ ठेवलेले शाफ्ट निघाले, नंतर कार्बन फायबरचेही आले. त्यांत हे सरकणं बरंच कमी. पार्लरमधल्या पोरांचं एकच म्हणणं, घेतोयस तर तसलाच घे.

म्हणणं खोटं नव्हतं. पण लांबच्या साइडच्या फटक्याला "अजून जरा बाहेर धर" असं मामा म्हणायचा, तो "जरा" त्या जुन्या मेपलच्या दांड्याचा होता. इतक्या वर्षांत तो माझ्या डोळ्यात बसलाय. पोकळ टोकाचा शाफ्ट लावला असता तर मामाचं ते "जरा" खोटं ठरलं असतं. त्याच्याकडून आलेलं दुसरं काही माझ्याकडे फारसं नाही. म्हणून साधा मेपलचाच घेतला, १३ मिलिमीटर टिपचा. पोरं हसली. मामाला फोनवर सांगितलं, तर त्याने टिप कसली आहे तेवढंच विचारलं.

रविवारी त्याला पार्लरमध्ये घेऊन गेलो. उजव्या हाताने बट धरवेना, तो मी धरला. त्याने डावा हात टेबलावर ठेवला, अंगठ्याच्या खाचेत शाफ्ट घेतला आणि मला मागेपुढे करायला सांगितलं. चारपाच वेळा. "चिकट आहे अजून," म्हणाला, आणि खिशातला रुमाल काढून डाव्या हाताने शाफ्ट पुसत बसला. बराच वेळ. शेजारच्या टेबलावरची पोरं थांबून बघत होती.

मग म्हणाला, "मार एक. उजवी साइड."

मी नेहमीसारखा जरा बाहेर धरला आणि मारला. बॉल पॉट झाला. मामाचं तिकडे लक्ष नव्हतं, तो मान कलती करून आवाज ऐकत होता.

"टिप मऊ आहे रे," तो म्हणाला. "बदलून घे."