डोळ्यांतील बाहुली

नॉर्वे देशीं ऑस्लो येथें असलेल्या आमच्या नातवानें एके रविवारीं फोनच्या पडद्यावरून आम्हांस विचारिलें, "आजोबा, शेजारच्या आजी मला त्यांचा 'ओयेस्टेन' म्हणतात. म्हणजे डोळ्याचा दगड ना?" आमच्या डोंबिवलीच्या घरांत हंशा पिकला. परंतु शब्दांचा नाद आम्हांस जुना. कोश उघडल्यावांचून चैन पडेना.

त्या भाषेंत ओयेस्टेन म्हणजे मूळची डोळ्याची बाहुली, आणि त्यावरून जिवापलीकडे जपलेलें माणूस. वास्तविक बाहुली ही वस्तुच नव्हे. तें प्रकाश आंत जाण्याचें छिद्र. आंत गेलेला प्रकाश बहुतेक परत येत नाहीं, म्हणून तें काळ्या गुळगुळीत खड्यासारखें दिसतें, इतकेंच. तेथील वैद्य आज 'पुपिल' म्हणतात. हा शब्द लॅटिन 'पुपिल्ला'पासून आला. त्याचा अर्थ लहान मुलगी, बाहुली. ग्रीक 'कोरे' म्हणजेही मुलगी आणि डोळ्याची बाहुली. आपली संस्कृत 'कनीनिका' कन्येच्याच गोत्रांतली. इतक्या भाषांस एकच कल्पना सुचण्याचें कारण साधें आहे: दुसऱ्याच्या डोळ्यांत पाहिलें असतां आपलीच चिमुकली आकृति तेथें दिसते.

हें सर्व आम्ही मोठ्या उत्साहानें मातोश्रींस वाचून दाखविलें. त्या म्हणाल्या, "मग माझ्या डोळ्यांत बघ बरें, दिसतोस का तूं?"

आम्ही खुर्ची ओढून जवळ बसलों. उजव्या डोळ्याची बाहुली काळी नव्हतीच. पांढुरकी झाली होती, आणि तीवर आमची आकृति नीट उमटेना. आमचें हंसणें थांबलें. दोन वर्षें त्या "पोथी दिसत नाहीं रे" म्हणत होत्या, आणि आम्ही "आतां वय झालें" असें म्हणून वर्तमानपत्रांत डोकें घालीत होतों.

त्याच महिन्यांत त्यांस ठाण्यास नेऊन मोतीबिंदूची शस्त्रक्रिया करविली. बाहुलीमागील गढूळ झालेलें भिंग काढून तेथें कृत्रिम भिंग बसविण्यांत आलें. आतां मातोश्री स्वतः पोथी वाचतात, आणि पडद्यावरील पणतूचा पडलेला दांतही त्यांनीं आमच्या आधीं पाहिला.

व्युत्पत्ति कोशांत सांपडली खरी. परंतु ती बाहुली दिसण्यास माणसाच्या किती जवळ जावें लागतें, हें मात्र आम्हांस मातोश्रींनींच शिकविलें.