हप्त्याचं पाकीट

महिन्याच्या पहिल्या तारखेला आमच्या ठाकुर्लीतल्या घरांत फळीवर पाकिटं मांडली जायची. नवी नव्हेत, टपालाने आलेली, लग्नपत्रिकांची, उलटी करून खळीने पुन्हा चिकटवलेली. एकावर दूध, एकावर वाणी, एकावर भिशी, एकावर शाळा आणि एकावर हप्ता. दुधाचे पैसे वाण्याला उसने जायचे, भिशीचे शाळेला. हप्त्याच्या पाकिटाला मात्र कुणी हात लावायचं नाही.

आमच्या म्हणजे बावन चाळीतल्या रेल्वेवाल्यांच्या, चोळे गावातल्या बैठ्या घरांतल्या, फाटकापलीकडच्या तीन मजली इमारतींतल्या. कुणाचे वडील कल्याणच्या लोको शेडमध्ये, कुणाचे 1929 सालच्या चोळा पॉवर हाउसमध्ये, कुणाचे लोकल पकडून फोर्टातल्या कचेरीत. हप्ता मात्र सगळ्यांचा एकच, एलआयसीचा. रेल्वेवाल्यांचा परस्पर पगारातून कापला जाई. इतरांकडे विमेकाका येत. खांद्याला पिशवी, पिशवीत डायऱ्या, खिशाला दोन पेनं. चहा घेत ते भिंतीवरच्या कालनिर्णयवर तारखेभोवती लाल गोल करत. "वहिनी, गोल विसरू नका हं." आई कशी विसरेल? त्याच चौकोनात तिची दुधाची खाडाखोड असायची.

आजी म्हणायची, दृष्ट उतरवतात तसा विमाही उतरवतात. तिच्या लेखी दोन्हीचं काम एकच होतं, घरावरचं संकट घराबाहेर ठेवायचं.

मग स्कूटर आली. नंबर लावून, वर्षानुवर्षं वाट पाहून आलेली चेतक. तिच्याबरोबर विम्याचा दुसरा कागद घरात आला आणि दोन नवे शब्द आले, थर्ड पार्टी आणि फुल. विमेकाकांनी कालनिर्णयच्या पाठीवर पेन्सिलीने मांडून दाखवलं. आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर ते भरून देणारा विमा थर्ड पार्टीचा. तो कायद्याने सक्तीचा आणि एका प्रकारच्या गाडीसाठी त्याचा दर सगळ्यांना सारखा. आपल्याच गाडीचं काही झालं तर दुसरा भाग लागतो, दोन्ही मिळून फुल. हा दुसरा भाग गाडीच्या त्या दिवसाच्या किमतीवर ठरतो, म्हणून गाडी जुनी होईल तसा उतरतो. वर्षभर भरपाई मागितली नाही तर पुढच्या वर्षी या दुसऱ्या भागात 20 टक्के सूट, मग 25, 35, 45, आणि सलग पाच वर्षांनी 50 टक्के. ही सूट गाडीची नसून मालकाची असते, गाडी विकली तरी आपल्याकडेच राहते. आमच्या वडिलांना हे फार आवडलं होतं. जपून चालवणाऱ्याला कुणीतरी मोजतंय, एवढंच त्यांना हवं होतं.

आणि पाकिटाला हात का लावायचा नाही, तेही तेव्हाच कळलं. वाणी उधार देतो, दूधवाला पुढच्या महिन्यावर ढकलतो, पण गाडीच्या विम्यात आधी पैसे आणि मग जोखीम, असा कायदाच आहे. आयुष्याच्या विम्याचा वर्षाचा हप्ता चुकला तर महिनाभराची सवलत असते. गाडीचा विमा मुदतीच्या रात्री बारा वाजता संपतो. नव्वद दिवसांत नवा केला तर जमवलेली सूट तेवढी वाचते, पण मधल्या दिवसांत रस्त्यावर काही झालं तर ते आपल्याच अंगावर.

कागद आम्ही जपले, वाचले मात्र 26 जुलै 2005 नंतर. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला. आमच्या तळमजल्यांत पाणी पत्र्याच्या पेटीवर चढलं. पेटीतले कागद आईने एकेक सोडवून, पोळ्यांच्या फडक्यावर पसरून पंख्याखाली वाळवले. शाई पसरली होती, शिक्के शाबूत होते. शेजारच्या काकांची जुनी मारुती 800 आरशांपर्यंत बुडाली होती. पाणी ओसरल्यावर काका किल्ली घेऊन निघाले, तेव्हा विमेकाकांनी त्यांचा हात धरला. इंजिनात पाणी असताना किल्ली फिरवली आणि इंजिन निकामी झालं, तर ते नुकसान साध्या पॉलिसीत बसत नाही. गाडी ढकलत गॅरेजला गेली, सर्व्हेअर आला, आणि 'घसारा' हा शब्द सगळ्या मजल्यांना पाठ झाला. काचेची भरपाई पूर्ण, रबर-प्लास्टिकची निम्मी, पत्र्याची गाडीच्या वयाप्रमाणे. आम्ही तर चपलेला तीनदा अंगठा लावणारी माणसं. जुन्या वस्तूची किंमत अशी टक्क्यांत लिहिलेली पाहून काका कितीतरी वेळ तो कागद हातात धरून बसले होते.

एवढं होऊनही घराचा विमा कुणी काढला नव्हता. घर म्हणजे भिंती, त्या कुठे जातात? बँकेने कर्ज देताना सांगितला तेवढाच. 2015 च्या जुलैत ठाकुर्लीतलीच एक जुनी इमारत रात्री कोसळली, माणसं गेली, आणि नंतर कितीतरी दिवस जो तो आपल्या भिंतीवरून हात फिरवून पाहायचा. तेव्हा आणखी एक गोष्ट समजली आणि ती बोचली. आग, पूर, भूकंप, वीज यांचा विमा मिळतो, पण झिजून पडलेल्या इमारतीचा नाही. तिला दुरुस्तीच हवी, वेळेवर.

एप्रिल 2021 पासून भारत गृह रक्षा नावाची एकसारखी पॉलिसी आली आहे. तीत जमिनीचा भाव धरत नाहीत, घर पुन्हा बांधायचा खर्च धरतात. त्यामुळे फ्लॅटच्या किमतीकडे पाहून वाटतो त्याहून हप्ता बराच कमी येतो. इमारतीच्या विमा रकमेच्या 20 टक्के, दहा लाखांपर्यंत, घरातलं सामानही आपोआप धरलेलं असतं. भाड्याने राहणाऱ्याला नुसत्या सामानाचा काढता येतो. तळमजल्यावरच्या प्रत्येकाला मी हे थांबवून सांगते. 2005 साली आम्हाला कुणी असं सांगितलं असतं तर!

आता हप्ता मोबाइलवरून जातो, पॉलिसीही मोबाइलवरच येते. आईला ते पटत नाही. परवा तिच्यासाठी गाडीच्या पॉलिसीचा कागद छापून आणला. तिने चष्मा लावला, संपायची तारीख शोधली, उठून कालनिर्णयवर लाल गोल केला आणि कागद घडी घालून पाकिटात ठेवला. पाकीट नातीच्या बारशाच्या पत्रिकेचं होतं, उलटं करून चिकटवलेलं.