गुलाबाची नक्कल

भिंतीवर फुलांची जुनी चित्रं लावायची हौस अलीकडे बरीच दिसते. पिवळट कागद, मधोमध एकच फांदी, दोन कळ्या, एक पुरता उमललेला गुलाब आणि खाली बारीक अक्षरात लॅटिन नाव. हा गुलाब पुष्कळदा फुलांचा जुना चित्रकार पिएर-जोसेफ रदूते याचा असतो. आणि बघणाऱ्यांत एखादा तरी नाक मुरडतोच : ‘छे, नक्कल आहे!’

असेना का! रविवर्म्याच्या छापील लक्ष्मीपुढे हात जोडत वाढलेल्या आपण नकलेला नाक मुरडावं, हेच गमतीचं. शिवाय रदूतेचा गुलाब जगाने पाहिला तोच मुळी नकलेतून. त्याने चित्रं रंगवली ती जलरंगात, चर्मपत्रावर. ‘ले रोझ’ हा त्याचा ग्रंथ 1817 ते 1824 या काळात पॅरिसमध्ये हप्त्याहप्त्याने निघाला. त्यासाठी ही चित्रं तांब्याच्या पत्र्यांवर उतरवली ती दुसऱ्याच कारागिरांनी. त्यात रेघांपेक्षा टिंबांचं काम मोठं. उजेडाच्या जागी विरळ, सावलीत दाट, सांडलेल्या रव्यासारखी. मग त्या एकाच पत्र्यावर चिंधीच्या बोळ्यांनी शाई भरायची : पानाला हिरवी, पाकळीला गुलाबी. ओलसर कागद ठेवून दाब द्यायचा. पुढच्या प्रतीसाठी पुन्हा सगळं पहिल्यापासून. शेवटी कुंचल्याने हात फिरवायचा. दोन प्रती तंतोतंत सारख्या निघतील कशा?

या ग्रंथाचं नाव निघालं की नेपोलियनच्या जोसेफिनची मालमेझोंची बाग हटकून येते. पण ती बिचारी 1814 मध्येच वारली होती, आणि यातले कितीतरी गुलाब दुसऱ्यांच्या बागांतले आहेत. काही तर मूळचे चीनचे. कलकत्त्याच्या वाटेने युरोपात पोचले म्हणून ‘बंगाली गुलाब’ ठरले!

आजच्या ऑफसेट प्रतीवर भिंग धरा. निळी, किरमिजी, पिवळी, काळी, अशी चार रंगांची टिंबं शिस्तीत बसलेली दिसतील. गुलाबी शाई कुठेच नाही. जुन्या छापात टिंब स्वतःच गुलाबी असतं, लहानमोठंही असतं, आणि कागदावर पत्र्याच्या कडेचा दबलेला चौकोन बोटाला लागतो. हा फरक मोठाच आहे, पण त्यापायी नवी प्रत वाईट ठरत नाही. चांगल्या सुती कागदावर नीट छापलेली प्रत घरात जरूर लावावी. अस्सल पान परवडणार आहे कुणाला?

माझा राग आहे तो कात्रीवर. मूळ पानावर चित्राखाली मुंगीएवढ्या अक्षरांत नावं असतात : डावीकडे रदूते, मधे रेमों यांचा छापखाना, उजवीकडे पत्रा कोरणारा, कधी लांग्ल्वा, कधी आणखी कुणी. फ्रेमच्या मापात बसावं म्हणून नेमकी हीच ओळ उडवतात. तेव्हा चित्र घेताना आधी खालची कड बघा. नावं छाटलेली असतील, तर सरळ दुसरी प्रत मागा.