भरायला टाकलेली बॅटरी

ऐंशीच्या दशकात यवतमाळ जिल्ह्यातल्या कोणत्याही तालुक्याच्या गावी गेलात, तरी एसटी स्टँडच्या आसपास बॅटरी भरून देणारं एखादं दुकान हमखास सापडायचं. दारव्हा, दिग्रस, पुसद, घाटंजी, पांढरकवडा, वणी, कुठंही. टिनाचं छप्पर, पुढच्या अंगाला मोटार वायंडिंगचं काम, आणि मागं लाकडी फळ्यांवर काळ्या बॅटऱ्यांची रांग. एकीची तार दुसरीला, दुसरीची तिसरीला. भिंतीवर काटा थरथरणारा चार्जर, कोपऱ्यात ॲसिडचे कॅन आणि घशाला खवखव आणणारा वास. दुकानदाराच्या पँटीला मांडीवर बारीक भोकं असायची. ॲसिडचा थेंब उडाला की लगेच काही दिसत नाही, पुढच्या धुण्यात कापड तिथूनच जातं.

ट्रॅक्टर, जीप, मेटॅडोर यांच्या बॅटऱ्या तर यायच्याच. पण लग्नसराईत खरी गर्दी भोंगेवाल्यांची. ॲम्प्लिफायर बॅटरीवर चालायचा, आणि ऐन हळदीला आवाज बसला तर नवरदेवाच्या मामासकट सगळे भोंगेवाल्यावर धावून जायचे. मग दंडारवाले, भागवत सप्ताहवाले. आणि 1987 च्या जानेवारीपासून या सगळ्यांच्या पुढं उभे राहिले टीव्हीवाले.

रविवारी सकाळी साडेनऊला रामायण लागायचं. गावात खांब आले होते, तारा आल्या होत्या, दिवेही आले होते. पण लाईन कधी जाईल याचा नेम नव्हता. पाऊस आला की गेली, वारा सुटला की गेली, डीपी जळली तर पंधरा-पंधरा दिवस गेली. म्हणून ज्यांच्या घरी काळा-पांढरा छोटा टीव्ही होता ते बारा व्होल्टवर चालणाराच घ्यायचे. ट्रॅक्टरची बॅटरी काढून आणायची किंवा वर्गणीची एक बॅटरी ठेवायची, आणि काहीही झालं तरी शनिवारी संध्याकाळपर्यंत ती भरून गावात परत आली पाहिजे. आमच्याकडे हे काम पोरांकडे असे. सायकलच्या कॅरिअरला जुन्या ट्यूबनं बॅटरी आवळायची आणि कलंडू न देता न्यायची. कलंडली तर ॲसिड सांडायचं, आणि त्याहून वाईट म्हणजे अख्ख्या मोहल्ल्याचा रविवार जायचा.

बॅटरी दारव्ह्याच्या दुकानात ठेवली की दुकानदार भाऊ आधी तिच्या सहाही सेलची बुचं उघडायचे. रबरी फुग्याची काचेची नळी, तो हायड्रोमीटर, एकेका सेलमध्ये बुडवून ॲसिड वर ओढायचे. नळीतला तरंगता बोंडू कुठवर येतो ते डोळ्यासमोर धरून बघायचे. भरलेल्या बॅटरीत तो 1250 च्या वर राहतो, उतरलेलीत 1150 पर्यंत बुडतो. सहापैकी एखादा सेल मागं राहिला की भाऊंचा चेहरा वैद्यासारखा गंभीर व्हायचा. मग डिस्टिल वॉटर घालायचे, टोकांवर चढलेला पांढुरका-हिरवा थर गरम पाण्यानं धुवायचे, ग्रीसचा हात फिरवायचे आणि खडूनं बॅटरीवर गावाचं नाव लिहायचे. आम्ही घाई केली की म्हणायचे, "थांब नं बे. जोरात भरली त आतले पाटे वाकतात. रातभर भरू दे तिले."

रात्रभर भरणं हा त्या काळचा कायदाच होता. बॅटरी टाकून परत जायचं आणि दुसऱ्या दिवशी यायचं, किंवा तालुक्याला पाहुण्यांकडे मुक्काम करायचा. दारव्ह्याकडच्या गावांना शकुंतलेचा आधार होता. मूर्तिजापूर ते यवतमाळ ही 113 किलोमीटरची नॅरोगेज लाईन गेल्या शतकाच्या सुरुवातीला वऱ्हाडच्या कापसासाठी टाकलेली. 1921 साली मँचेस्टरला घडवलेलं तिचं वाफेचं इंजिन 1994 पर्यंत गाडी ओढत होतं. इंजिन पाणी घ्यायला थांबलं की माणसं खाली उतरायची, चहा प्यायची, सोयरिकीच्या गोष्टी काढायची. वाटेत थांबून भरून घेणं हा आमच्या भागातल्या प्रवासाचाच भाग होता, आणि त्याबद्दल कोणाची तक्रार नसायची. आज शकुंतला बंद आहे आणि जिल्हा तिच्या आठवणीनं अजून हळवा होतो. मीही होतो.

पुढं लाईन सुधारली, रंगीत टीव्ही आले, भोंग्यांची जागा जनरेटरवरच्या डीजेनं घेतली आणि फळ्यांवरची रांग आखूड होत गेली. 2005 नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत इन्व्हर्टर आले, तेव्हा त्या दुकानांना पुन्हा थोडी धुगधुगी आली. तेवढीच.

आता पांढरकवड्याच्या अंगानं नागपूर-हैदराबादचा राष्ट्रीय महामार्ग 44 वाहतो. कळंब, यवतमाळ, आर्णी, महागाव, उमरखेड असा नागपूर-तुळजापूरचा 361 झाला आहे. या रस्त्यांवर हिरव्या नंबरप्लेटच्या, विजेवर चालणाऱ्या मोटारी दिसणं आता नवलाचं राहिलं नाही. माझा भाचा नागपूरहून अशाच मोटारीनं येतो. त्याच्याबरोबर चार्जरपाशी थांबलो होतो. जाड केबल, दोन्ही हातांनी उचलावी अशी तिची बंदूक, ती गाडीत बसली की खटका लागतो, आतले पंखे घोंघावू लागतात आणि पडद्यावर टक्के चढू लागतात. वीस, तीस, पन्नास. ऐंशीच्या पुढं मात्र आकडा रेंगाळला. भाचा म्हणाला, "मामा, शेवटचं हळूच भरते. जोर केला तर बॅटरी खराब होते." शिसं गेलं, लिथियम आलं, तरी दारव्ह्याच्या भाऊंचा नियम जागेवर आहे.

बदललं ते दुसरंच. तेव्हा एका बॅटरीला रात्र मिळायची. आता माणूस अर्ध्या-पाऊण तासात निघायचं म्हणतो. त्यासाठी वीज एकदम लागते, आणि आपल्या जिल्ह्याचं दुखणं नेमकं तिथंच आहे. पाच हॉर्सपॉवरचा शेतीपंप साधारण पावणेचार किलोवॉट घेतो. साठ किलोवॉटचा एक फास्ट चार्जर म्हणजे असे सोळा पंप एकाच क्षणी सुरू होणं. शंभर केव्हीएच्या डीपीचा निम्म्याहून जास्त भार एकटी मोटार खाते. दोन मोटारी एकदम लागल्या तर ती डीपी टिकणार नाही. मोठं कनेक्शन घ्यायचं तर 11 केव्हीची लाईन ओढा, वेगळा ट्रान्सफॉर्मर बसवा, आणि दिवसाला चारच गाड्या आल्या तरी दरमहा स्थिर आकार भरा. आडवाटेच्या गावात हा हिशेब कुणाला परवडेल?

याला उत्तर आहे, आणि ते आपल्या ओळखीचं आहे. चार्जरच्या मागं मोठी बॅटरी ठेवायची. विहिरीला झरा बारीक असला की आपण रात्रभर टाकीत पाणी चढवतो आणि सकाळी टाकीवरून पाट सोडतो, तसं. वीस किलोवॉटचं साधं कनेक्शन दहा तासांत दोनशे युनिटांची बॅटरी भरतं. मग मोटार आली की ही बॅटरी तिला साठ किलोवॉटनं वीज देते, आणि लाईनला धक्का लागत नाही. तीस युनिटांची बॅटरी असलेली मोटार दहावरून ऐंशी टक्क्यांवर न्यायला एकवीस युनिट लागतात, म्हणजे एका भरणीत आठ-नऊ मोटारी निघतात. दिवसा छपरावर सोलर असेल तर तेही त्यातच जमा. आणि लाईन गेली, तरी आडरात्री अडकलेल्या कुटुंबाला पुढच्या गावापर्यंत जाता येतं. हा शेवटचा फायदा मला सगळ्यात मोठा वाटतो.

जर्मनीसारख्या देशातही हे करावं लागलं. न्यूरेंबर्ग शहरात ऑडीनं 2021 च्या डिसेंबरात सहा मोटारींचं असं केंद्र सुरू केलं. मोटारींना 320 किलोवॉटपर्यंत वेग मिळावा अशी त्याची रचना, पण लाईनवरून मात्र ते 200 किलोवॉटच घेणारं. मधली सगळी तूट भरून काढायला सुमारे 2450 युनिटांचा साठा. तो साठा चाचणीच्या मोटारींमधून काढलेल्या वापरलेल्या बॅटऱ्यांचा होता, हे वाचून मला फार बरं वाटलं. मोटारीला न पुरणारी बॅटरी जागेवर बसून आणखी वर्षानुवर्षं काम देऊ शकते. आमच्याकडे ट्रॅक्टर सुरू करायला कमी पडणारी बॅटरी टीव्हीला लावत, ती अशीच.

फुकट काहीच नाही. बॅटरीत घातलेल्या शंभर युनिटांतली दहा-पंधरा वाटेत उष्णतेत जातात. यवतमाळचा मे महिना 45 अंशांवर जातो, तेव्हा त्या पेटीला थंड ठेवायलाही वीज लागते. बॅटरीची किंमत मोठी आहे. एकामागून एक दहा-बारा मोटारी आल्या तर साठा संपतो आणि शेवटच्याला थांबावं लागतं. थांबण्याचा त्रास विदर्भानं पाहिला आहे. 26 मे 2017 ला नागपुरात दोनशे इलेक्ट्रिक वाहनांचा प्रयोग मोठ्या थाटात सुरू झाला, आणि पुढं चार्जरपुढच्या रांगांना कंटाळलेल्या चालकांच्या तक्रारी वर्तमानपत्रांत आल्या. ज्याचं पोट गाडीच्या फेऱ्यांवर आहे त्याला रांग परवडत नाही. म्हणून साठा किती ठेवायचा हे त्या रस्त्यावरची रहदारी मोजून ठरवावं लागेल.

पण मला मोटारवाल्यापेक्षा शेतकऱ्याची काळजी जास्त आहे. या जिल्ह्यातला माणूस वर्षानुवर्षं रात्रीच्या लाईनवर ओलीत करत आला. थंडीत, काळोखात, हातात टॉर्च आणि काठी घेऊन. पांढरकवडा-राळेगावच्या पट्ट्यात वाघिणीची दहशत होती तेव्हाही तो पंप सुरू करायला गेला. दिवसा वीज द्या, ही त्याची मागणी किती जुनी आहे ते प्रत्येक आमदाराला माहीत आहे. वणी तालुक्यातल्या खाणींतून कोळसा निघतो, वीज केंद्रांकडे जातो, आणि त्याच जिल्ह्यातल्या शिवारात व्होल्टेज पुरत नाही म्हणून पंपाच्या मोटारी जळतात. गावठाण फिडर वेगळा केला आणि शेतीचा वेगळा केला तरी दोन्ही निघतात त्याच सबस्टेशनमधून. अशा ठिकाणी महामार्गावरच्या मोटारीसाठी त्याच्या पंपाचं व्होल्टेज पाडलं तर तो अन्याय होईल. मागं बॅटरी असलेला चार्जर शेजाऱ्याच्या ताटातलं ओढत नाही. लाईन मोकळी असेल तेव्हा सावकाश भरून घेतो. मला तो पटतो तो या कारणासाठी.

सरकारनं कागदावर पुष्कळ केलं आहे. महामार्गावर दर 25 किलोमीटरला दोन्ही बाजूंनी चार्जिंग केंद्र असावं, हे केंद्राच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये आलं. राज्याच्या 2025 च्या इलेक्ट्रिक वाहन धोरणातही 25 किलोमीटरचं अंतर आहे आणि समृद्धी महामार्गावर टोलमाफी आहे. समृद्धी आपल्या जिल्ह्यात येत नाही. वर्धा, अमरावती, वाशिममधून निघून जाते. पुसदच्या किंवा झरी जामणीच्या माणसाला तिच्यावरचे चार्जर काय कामाचे? त्याला चार्जर हवा आहे आर्णीला, दिग्रसला, महागावला, मारेगावला. जिथं लाईन बारीक आहे तिथंच.

जुन्या दुकानाची एक गोष्ट मात्र नव्या केंद्रात मला सापडत नाही. तिथं माणूस होता. बॅटरी का उतरली, कोणता सेल बसला, घरी पाणी कधी घालायचं, हे तो सांगायचा. पोरंसोरं तिथं उभी राहून शिकायची. त्या दुकानांत वाढलेल्या कित्येकांनी पुढं गावोगावी वायंडिंगची, ऑटो इलेक्ट्रिकची दुकानं टाकली. आज चार्जर बंद असला की पडद्यावर लाल दिवा आणि एक फोन नंबर असतो. रेंज असेल तर फोन लागतो. अंगात ताप असलेलं लेकरू मागच्या सीटवर घेऊन रात्री तिथं उभ्या राहिलेल्या बापाला त्या नंबरचा काही उपयोग नाही.

म्हणून महावितरणला, पेट्रोल पंपाच्या मालकांना आणि जिल्हा नियोजन समितीला माझी विनंती आहे. उमरखेड ते कळंब या रस्त्यावर आणि त्याला फुटणाऱ्या तालुक्याच्या वाटांवर जे चार्जर लागतील, त्यांच्यामागं साठ्याची बॅटरी असावी. यवतमाळ, पुसद, वणीच्या आयटीआयमध्ये या बॅटऱ्यांची देखभाल शिकवावी आणि प्रत्येक केंद्रावर तिथं शिकलेला, त्याच तालुक्यातला एक तरी मुलगा किंवा मुलगी पगारावर ठेवावी. ज्या घरांनी चाळीस वर्षांपूर्वी बॅटऱ्या भरून दिल्या, त्यांची पुढची पिढी अजून इथंच आहे. पहिली विचारणा त्यांच्याकडे करा.