आगगाडीपासून दूर राहिलेले वेंगुर्ले

कोकण रेल्वेने प्रथमच दक्षिणेकडे निघालेला प्रवासी बहुधा उजवीकडची खिडकी मागून घेतो. नकाशावर हा मार्ग किनाऱ्याला धरूनच खाली उतरताना दिसतो. तेव्हा उजव्या हाताला समुद्र असणार, असा त्याचा साधा हिशेब असतो. रोहा मागे पडते, माणगाव जाते, खेड आणि चिपळूण येते, तरी समुद्राचा पत्ता नसतो. दिसतात ते डोंगर, भातखाचरे, जांभ्या दगडाची कुंपणे आणि मधूनच एखादी संथ नदी. अखेर तो शेजाऱ्याला विचारतो. शेजारी कोकणातला असला तर हसून सांगतो, "गाडीतून नाही दिसायचा. उतरून जावं लागतं."

या एका उत्तरात मार्गाची सारी आखणी येते. सह्याद्रीतून निघालेल्या नद्या समुद्राजवळ पोचताच खाड्यांचे रूप घेऊन पसरतात. तेथे पूल बांधणे फार खर्चाचे. म्हणून लोहमार्ग आत, डोंगरांच्या बाजूला नेला, जेथे नद्यांची पात्रे आवरलेली असतात. मात्र पुलांवर वाचलेला पैसा डोंगरांनी वसूल केला. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंतच्या सुमारे ७४० किलोमीटरांत नव्वदाहून अधिक बोगदे आणि लहानमोठे मिळून सुमारे दोन हजार पूल आहेत. रत्नागिरीच्या अलीकडचा करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटर लांबीचा आहे; त्यात गाडी शिरली की लहान मुले आधी ओरडतात, मग गप्प होतात आणि शेवटी "अजून किती?" असे विचारू लागतात. रत्नागिरी सोडल्यावर थोड्याच वेळात पानवल नदीवरचा पूल येतो. दरीच्या तळापासून त्याची उंची ६४ मीटर आहे. गाडी तो काही क्षणांत ओलांडते, त्यामुळे आधी कोणी सांगितले नसेल तर तो हमखास निसटतो.

या मार्गाच्या अभियांत्रिकीची स्तुती पुष्कळ झाली आहे, आणि ती योग्यच आहे. अर्थव्यवहाराकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष जात नाही. १९९० साली मधू दंडवते अर्थमंत्री आणि जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री असताना यासाठी स्वतंत्र महामंडळ स्थापन झाले आणि ई. श्रीधरन त्याच्या प्रमुखपदी आले. भांडवलात रेल्वे मंत्रालयाचा वाटा ५१ टक्के होता. महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५, गोवा व केरळचा प्रत्येकी ६ टक्के. बाकी मोठी रक्कम करमुक्त रोख्यांतून उभी राहिली. म्हणजे ज्यांनी कोकण कधी पाहिलेही नसेल अशा असंख्य रोखेधारकांची बचत या बोगद्यांत आणि पुलांत गुंतली. २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण मार्ग वाहतुकीसाठी खुला झाला. दरडींचा धोका मात्र संपला नाही. २००३ आणि २००४ च्या पावसाळ्यांत झालेल्या दोन भीषण अपघातांनंतर पावसाळ्यातील वेग कमी करण्यात आला. आजही पावसाळ्याचे वेळापत्रक वेगळे असते आणि भर पावसात गस्तीचे कामगार रुळांवरून पायी फिरतात. गाडी उशिरा आल्याची कुरकुर करताना त्यांची आठवण ठेवावी.

मुंबईहून सकाळी निघालेली मांडवी एक्स्प्रेस तिसऱ्या प्रहरानंतर कुडाळला पोचते. वेंगुर्ल्याला जाणाऱ्याने येथेच उतरावे. पुढचे वीस-पंचवीस किलोमीटर एसटीने किंवा रिक्षाने जायचे. वाटेत पिंगुळी लागते. चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्यांची कला जतन करणाऱ्या ठाकर समाजाचे हे गाव. घाई नसेल तर तेथे तासभर थांबण्यास हरकत नाही. त्यानंतर काजूच्या बागा, माडांची गर्दी, उताराची वळणे आणि मग हवेत एकाएकी खारटपणा येतो. ज्या समुद्रासाठी दिवसभर खिडकी राखली, तो असा आधी वासाने भेटतो.

वेंगुर्ल्याच्या शांततेचे पाहुण्याला फार कौतुक वाटते. बंदरालगतच्या टेकडीवर दीपगृह आहे. तेथून एका बाजूला मासेमारीच्या होड्या आणि दुसरीकडे सागरेश्वराचा लांबच लांब, बहुतेक वेळा मोकळा असलेला किनारा दिसतो. संध्याकाळी लाटांच्या आवाजाखेरीज काही ऐकू येत नाही. ही शांतता गावाला निसर्गाने दिली, असे वाटणे स्वाभाविक आहे. इतिहास तसे सांगत नाही.

सतराव्या शतकात येथे डचांची वखार होती. १८१२ साली सावंतवाडीकरांकडून हे बंदर इंग्रजांकडे गेले. पुढे बेळगावच्या लष्करी छावणीचे आणि देशावरच्या व्यापाराचे हे समुद्रद्वार झाले. घाटाखालून आंबोलीमार्गे वर जाणारा रस्ता याच रहदारीसाठी महत्त्वाचा होता. बैलगाड्यांचे तांडे माल घेऊन उतरत आणि गलबते तो पुढे नेत. मग १८८८ च्या सुमारास मुरगावचे बंदर घाटावरच्या लोहमार्गाशी जोडले गेले. बैलगाडीला जे अंतर काटायला दिवस लागत, ते आगगाडी काही तासांत काटू लागली. व्यापाऱ्याने जुन्या बंदराशी निष्ठा ठेवावी, अशी अपेक्षा कोणताही हिशेब करीत नाही. माल मुरगावला वळला आणि वेंगुर्ल्याची पेठ ओसरत गेली. आज ज्या निवांतपणासाठी लोक येथे येतात, त्याची सुरुवात अशी एका आगगाडीने केली.

त्यानंतरही मुंबईची बोट होती. ती खोल पाण्यात उभी राहायची आणि पडावातून माणसे किनाऱ्यावर आणली जायची. सामान, पोरे, कोंबड्या, आंब्याच्या पेट्या, सारे त्या हेलकाव्यातून. बोट बंद झाली तेव्हा रात्रभराचा एसटीचा प्रवास उरला. कोकण रेल्वे आली, पण तीही पंचवीस किलोमीटर दूरूनच गेली. घरटी एक-दोन माणसे मुंबईला, हे चित्र तिने बदलले नाही. त्यांचे गणपतीला येणे मात्र सोपे केले. कित्येक घरे अकरा महिने बंद आणि भाद्रपदात भरलेली असतात. पाहुण्याला सुंदर वाटणाऱ्या शांततेत या बंद दारांचाही वाटा आहे, हे बाजारपेठेतून एक फेरी मारली तरी ध्यानात येते.

तरीही गाव नुसते बसून राहिले नाही. येथील फळ संशोधन केंद्राने काढलेल्या काजूच्या कलमांना वेंगुर्ल्याचेच नाव आहे आणि ती देशभर लावली जातात. नीलम व हापूसच्या संकरातून झालेला 'रत्ना' आंबाही येथलाच. काजू प्रक्रियेच्या कारखान्यांत बायकांना काम मिळते. मांडवी खाडीत स्वामिनी महिला बचतगटाच्या बायका स्वतः होडी वल्हवत पर्यटकांना कांदळवनात नेतात. मुळांत दडलेले खेकडे, चिखलातले पक्षी आणि कांदळाच्या निरनिराळ्या जाती त्या नावांनिशी दाखवतात. मोटार नसल्याने पाण्याचा आवाज ऐकू येतो. वेंगुर्ल्यात करण्यासारखे एकच काही निवडायचे झाले तर ही फेरी निवडावी.

दुसरा दिवस हाताशी असला तर शिरोड्याच्या रस्त्याने जावे. वाटेतील आरवली हे जयवंत दळवींचे गाव. तेथील वेतोबाला भक्त केळ्यांचे घड आणि भल्यामोठ्या चामडी वहाणा वाहतात. शिरोड्याच्या मिठागरांवर १९३० साली मिठाचा सत्याग्रह झाला, आणि तेथल्याच शाळेत वि. स. खांडेकरांनी अनेक वर्षे शिकवले.

भोजनाविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. खानावळींच्या पाट्यांवर मासळीचेच नाव आधी असते. घरगुती निवासात आदल्या दिवशी सांगून ठेवले तर आंबोळ्या, उसळी, फणसाची भाजी आणि हंगामात ओल्या काजूगरांची उसळ आनंदाने करून देतात. सोलकढीत लसूण घालण्याची रीत आहे, तेव्हा नको असल्यास आधीच सांगावे. सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्यांनी वेळही ठरवून घ्यावी. येथल्या गृहिणींना कारण समजावून सांगावे लागत नाही, वेळ तेवढी कळली की पुरे.

परतीला रात्रीची कोकणकन्या सोयीची. कुडाळच्या फलाटावर काजूची पाकिटे, कोकमाच्या बाटल्या आणि गोणपाटात बांधलेला एखादा फणस घेऊन माणसे उभी असतात. गाडी येते, सामान चढते, खिडकीबाहेर अंधार असतो. या वेळी कोणती बाजू मिळाली, याची कोणी चौकशी करीत नाही.